रीसेट न होणारा दात

ही गोष्ट खरी आहे.

मला ओळखणारे इथेच हसतील, ठाऊक आहे. मी आजवर सांगितलेल्या गोष्टींत विहिरीतून चहा मागणारा एक पाहुणा आहे, आणि स्वतःची सावली घरी विसरून आलेला एक पोस्टमन आहे. त्या सगळ्या थापा होत्या. निव्वळ हौसेने मारलेल्या.

ही थाप नाही.

हे जिच्यावर गुदरलं ती माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी, आणि ती थापा मारत नाही. तेवढी कल्पनाशक्तीच नाही तिच्याकडे. दातांची डॉक्टर आहे.

आणखी एक सांगून ठेवतो. भूत म्हटलं की तुम्ही मध्यरात्रीची वाट बघता, कुत्रं रडायची वाट बघता. हे दुपारी यायचं. जेवणाची सुट्टी संपल्यावर. ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात, वर्गभर मुलांच्या देखत.

घरात तिला बारकी म्हणतात. आता चष्मा लागलाय, केसांत रुपेरी बटा आल्यात, दंत महाविद्यालयात शिकवते, मुलं उठून उभी राहतात. पण बारकी ती बारकीच.

कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक लांबट खोली आहे. दारावर पाटी : सिम्युलेशन लॅब.

पूर्वी या खोलीत नुसती मुंडकी होती. खांबाला स्क्रूने बसवलेली रबरी मुंडकी, तोंडात प्लास्टिकचे दात. गालात पाणी साचलं की कानाखालून ठिबकायचं. मुलं त्यांच्यावर ड्रिल चालवायला शिकायची. माणसाचं तोंड बिघडवण्याआधी रबराचं बिघडवून घ्यायचं, एवढाच हिशेब.

मग मशीनं आली.

समोर पडदा, डोळ्यांवर चष्मा, हातात पेनाएवढी दांडी. चष्म्यातून बघितलं की उघडं तोंड पुढ्यात येतं. बोट घालावंसं वाटेल इतकं खरं. दांडी टेकवली की हाताला दात लागतो. चांगला दात टणक लागतो, किडलेला मऊ, हिरडी लवचीक. आत मोटारी असतात, त्या हाताला उलट रेटतात. चुकलात तर मार्क कापले जातात. काम संपलं की रीसेट दाबायचं. दात पुन्हा जसाच्या तसा, किडीसकट. पुढचा मुलगा बसतो.

या मशीनमधल्या रुग्णांना नावं नसतात. पण एका तोंडावर मुलांचा जीव होता. त्याला सगळे आजोबा म्हणायचे. खाली डावीकडची दाढ, तिच्यात जुनं सिमेंट, सिमेंटखाली खोलवर कीड. आणि पुढच्या दातात एक बारीक खाच. वर्षानुवर्षं दोरा दाताने तोडला की पडते तशी. नवी पोरंसुद्धा विचारायची, मॅडम, हे आजोबा शिंपी होते का?

बारकी म्हणायची, असतील.

ते तिचे वडील होते.

माझे मेहुणे. ओठांत टाचण्या धरून गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचे आणि एक टाचणी खाली पडायची नाही. हे सगळं सुरू झालं त्याच्या आदल्या वर्षी त्यांची ती दाढ ठणकायला लागली. जेवण झालं की ठणका सुरू, तो थेट संध्याकाळपर्यंत. मुलगी घरातच डॉक्टर. तिने टॉर्च मारून पाहिलं.

पाहताक्षणी तिला दोन गोष्टी कळल्या. ही दाढ आजच्या आज काढायला हवी. आणि अशी केस शोधूनही सापडणार नाही.

भानगड अशी होती, की मशीनमधली सगळी तोंडं कंपनीने कुठून कुठून आणून भरलेली. विभागाच्या हेडसरांनी जाहीर केलं होतं, की आपल्या कॉलेजची स्वतःची केस जो बनवेल त्याचं नाव कायमच्या जागेसाठी पुढे जाईल. बारकी कित्येक वर्षं करारावर होती. दर वर्षी करार संपायचा, दर वर्षी गोड तोंड करून हेडसरांच्या केबिनबाहेर उभं राहायचं. कंपनीचा स्कॅनवाला पुढच्या आठवड्यात यायचा होता. दाढ काढून टाकली तर तो स्कॅन कशाचा करणार? खड्ड्याचा?

तिने वडिलांना विचारलं. गोळ्या देते, ठणका बसेल, आठवडाभर कळ काढाल का?

"काढतो की," मेहुणे म्हणाले. "लोक माझ्याकडे एका बाहीसाठी महिनाभर खेपा घालतात. मी तुझ्याकडे आठवडा थांबलो तर काय मोठंसं."

स्कॅनवाल्याने आठवडा पुढे ढकलला. मग आणखी काही दिवस. मेहुणे गोळ्या गिळत राहिले, गालावर पालथी मूठ दाबून कापड बेतत राहिले. शेवटी एकदाचा स्कॅन झाला. लग्नाच्या फोटोला बसावं तसे ताठ बसले होते. स्कॅनवाला म्हणाला, इतका न हलणारा पेशंट मी पाहिला नाही. मेहुण्यांना त्याचाच केवढा आनंद.

दाढ काढायची सोमवारी ठरली.

शनिवारी जबड्याखाली सूज आली. रविवारी ती गळ्यात उतरली. जीभ वर उचलली गेली. तोंडात गरम घास धरल्यासारखं बोलायला लागले, मग तेही थांबलं. हॉस्पिटलात श्वासाची नळी घालेपर्यंत सगळं आटपलं.

सोमवार त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

बारकीला थोरला भाऊ आहे. दुकान आता तोच चालवतो. हॉस्पिटलच्या जिन्यात त्याने बहिणीला एवढंच विचारलं :

"तुझं माप घेऊन झालं ना?"

त्यानंतर त्याने तिच्याशी बोलणं टाकलं. आणि केस फार सुरेख बनली. हेडसर म्हणाले, अप्रतिम.

आता मुख्य गोष्ट.

तो मंगळवार होता. जेवणाची सुट्टी नुकतीच संपलेली. पडदे ओढलेले, एसीची घरघर, प्रत्येक मशीनपुढे एकेक मूल वाकलेलं. शेवटच्या मशीनवर एक उंच पोरगा होता. वर्गात त्याला लांब्या म्हणायचे. त्याने चष्मा वर केला आणि मॅडमना बोलावलं.

म्हणाला, आजोबांची नाडी लागतेय.

आजूबाजूची पोरं फिदीफिदी हसली. बारकीने त्याला उठवलं, स्वतः बसली, चष्मा लावला. बाबांचं तोंड समोर आलं. या दृश्याची तिने सवय करून घेतली होती. दाढेशेजारच्या हिरडीवर तिने दांडी अलगद टेकवली...

काही नाही.

थोडं थांबली...

ठक्.

मग पुन्हा, ठक्.

अगदी हलकं. मनगटापाशी. तान्ह्या बाळाच्या टाळूवर हात ठेवल्यावर लागतं तितकंच.

मशीनमध्ये मोटार असते, नाडी नसते. दाढेत पू झाला की मात्र हिरडीत असेच ठोके पडतात. तिला हे माहीत होतं. तिच्याच शिकवण्यातलं होतं ते.

तिने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. ठोके गेले. मोटार गरम झाली असेल, असं मुलांना सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं. दोन्हीकडे खपून गेलं.

पण मग मुलांच्या तक्रारी सुरू झाल्या.

आजोबांच्या केसमध्ये मार्क पडेनात. सिमेंट काढून जरा आत गेलं की दांडी धसकन खाली जायची, थेट नसेत. नस उघडी पडली की नापास. मुलं म्हणायला लागली, मॅडम, कीड वाढलीय. तिने त्यांना झापलं. हात जड आहेत तुमचे, कीड वाढायला ते काय खरे दात आहेत?

संध्याकाळी सगळे गेल्यावर तिने स्वतः बसून पाहिलं.

रीसेट दाबलं. दाढ परत आली. जुनं सिमेंट, त्याखालचा काळा डाग... डाग सिमेंटच्या बाहेर आला होता.

पुन्हा रीसेट केलं. तोच डाग.

मूळ स्कॅन दुसऱ्या कम्प्युटरवर होता. तो उघडला. त्यात डाग सिमेंटखालीच होता, जिथे असायला हवा तिथे.

म्हणजे बाकी सगळं मागे जात होतं. तो एक दात तेवढा पुढे चालला होता.

कंपनीचा इंजिनियर सकाळी आला. बॅग उघडली, केबली लावल्या, तासभर खुडबुड केली. त्याच्या हातात सगळं ठीक. डाग जागेवर, ठोके नाहीत. मॅडम, मशीन ठणठणीत आहे, तुमच्या आजोबांनाच सुट्टी हवी असेल, असं म्हणून तो आपल्याच विनोदावर हसला. बारकी हसली नाही. तो जेवणाच्या सुट्टीआधी निघून गेला.

आणि सुट्टी संपल्यावर... ठक्.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. जेवणानंतर. बाबांचा ठणकाही जेवणानंतरच सुरू व्हायचा.

अंगावर काटा आला का? तिच्याही आला. पण ती म्हणते, खरी भीती अजून पुढेच होती. खरी भीती तिला जिभेने घातली.

ती जीभ मेहुण्यांची नव्हतीच. स्कॅनमध्ये दात येतात, जबडा येतो, हिरड्या येतात. जीभ हलते, तिचा स्कॅन नीट येत नाही. म्हणून कंपनीने एक जीभ करून ठेवलीय आणि सगळ्या तोंडांत तीच घातलीय. गुलाबी, गुळगुळीत, तळाशी पडलेली. कधी हलत नाही. हलायचं तिला कोणी शिकवलेलंच नाही.

एका दुपारी बारकी एका मुलीला दांडी कशी धरायची ते दाखवत होती. बोलता बोलता तिचं लक्ष पडद्याकडे गेलं.

आजोबांची जीभ...

थोडी वर होती.

फार नाही. जिभेखाली एखादी टाचण्यांची डबी सरकवावी तितकीच.

दुसऱ्या दिवशी आणखी जरा वर.

आणि आता आवाज यायला लागला. मशीनला ड्रिलचा आवाज असतो, बाकी कसलाही नाही. ड्रिल थांबलं की शांत. पण त्या शांततेत आता काहीतरी यायचं. दात न उघडता, ओठांच्या फटीतून ओढून घेतलेला श्वास. ओठांत टाचण्या धरलेला माणूस घेतो तसा. मुलांना तो एसीचा वाटायचा. बारकी लहानपणी दुकानात कापडाच्या तुकड्यांवर निजायची, तो श्वास ऐकत.

ती बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारून आली.

मामा, ती मला म्हणाली, मला पुढचं सगळं ठाऊक होतं. पुढे सूज गळ्यात उतरते. मला हेही ठाऊक होतं, की अजून वेळ आहे. मागच्या वेळेलाही होता.

करायचं काय, ते तिच्या डोक्यात लख्ख होतं. दाढ वरून उघडायची, नसेपर्यंत, मुळापर्यंत जायचं, आत कोंडलेला पू वाहून जाऊ द्यायचा. मशीनमध्ये पू नसतो म्हणाल, तर मशीनमध्ये नाडीही नसते. नाहीतर ती केसच पुसून टाकायची. ती केस अजून कॉलेजच्या बाहेर गेली नव्हती. दोन बटणं दाबली की मोकळं.

मधे एकच धोंड होती. कमिटी.

कॉलेजची तपासणी करायला वरून माणसं येणार होती. त्यांना आजोबा दाखवायचे होते. आमची स्वतःची केस, आमच्याच मॅडमनी बनवलेली. ते पाहून कमिटी खूश झाली की बारकीच्या कायमच्या जागेवर सही. हेडसरांनी भाषणही तयार ठेवलं होतं.

बारकी त्यांच्या केबिनमध्ये गेली. नाडी, जीभ, श्वास, यातलं काहीच बोलली नाही. कोण बोलेल? म्हणाली, केसमध्ये दोष आहे, काढून टाकावी म्हणते. हेडसरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हे सगळ्यांत वाईट लक्षण. त्यांनी तिला समजावलं, की मॅडम, इतकी वर्षं थांबलात, आता तोंडाशी आलेला घास कशाला सांडता. कमिटी जाऊ द्या. मग पुसा, जाळा, काय वाट्टेल ते करा. तोवर त्या केसला हात लावायचा नाही.

ती बरं म्हणाली.

लॅबमध्ये परत आली. मुलं गेलेली. शेवटचं मशीन कोणीतरी चालूच ठेवलं होतं. तिने चष्मा लावला. उघडं तोंड. खाचेचा दात. दाढ आता पुरती काळी. जीभ टाळूकडे निघालेली. आणि तो श्वास... जरा घाईचा.

ती दांडी हातात घेऊन बसली. टेकवली नाही.

मग तिच्या तोंडून निघून गेलं,

"थोडं थांबा, बाबा. एवढी माणसं जाऊ देत."

म्हणून झाल्यावर तिला ऐकू आलं आपण काय म्हणालो ते.

बोलणं परत घेता येतं का? शब्दाला रीसेट नसतो. तिने चष्मा काढला, मशीन बंद केलं, दिवे मालवले, घरी गेली. मला विचाराल तर भूत दिसण्यापेक्षा हे वाईट. तिला दुसऱ्यांदा संधी दिली होती कोणीतरी, आणि तिने पुन्हा तारीख दिली.

कमिटी सकाळी यावी म्हणून ती धावा करत होती. सकाळी बाबा बरे असायचे. पण कमिटीच ती. आधी प्राचार्यांच्या खोलीत चहा, मग ग्रंथालय, मग लांबलचक जेवण. लॅबमध्ये शिरले तेव्हा दुपार चांगली कलली होती. कोणी ढेकर दिली, कोणी मोबाइल बघत होता.

त्यातले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ म्हणाले, आम्हीच करून बघतो. शेवटच्या मशीनवर बसले. लांब्याचं तोंड पांढरंफटक पडलं. बारकीने टेबलाची कड धरली.

गृहस्थांनी चष्मा लावला. दांडी धरली...

आणि काहीही झालं नाही.

पडद्यावर सगळं स्वच्छ. जीभ खाली पडलेली, गुळगुळीत. दाढेचा डाग सिमेंटखाली, जिथे असायला हवा तिथे. ठोके नाहीत, श्वास नाही. गृहस्थ कीड काढत गेले, दांडी जिथे टणक लागायला हवी तिथे टणक लागली. भरघोस मार्क पडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते म्हणाले, फार शांत पेशंट आहे तुमचा.

बारकी पडद्याकडे बघत राहिली. तोंड जितकं उघडता येईल तितकं उघडलेलं होतं. स्कॅनच्या दिवशी उघडलं होतं ना, अगदी तसंच. न हलता.

लेकीसाठी.

हेडसर भाषण करत होते. तिला त्यातलं काही ऐकू आलं नाही.

कमिटी खाली उतरली, गाड्यांची दारं लागली. मुलं पांगली. व्हरांड्यात फरशी पुसायला सुरुवात झाली होती. बारकीने लॅबचं दार लावून घेतलं आणि धावत शेवटच्या मशीनवर जाऊन बसली. आता कोणी अडवणारं नव्हतं. आधी दाढ उघडणार होती, नसेपर्यंत. मग केस पुसणार होती. चष्मा लावला. केस उघडली.

पडद्यावर...

तोंड मिटलेलं होतं.

हे नीट समजून घ्या. मिटलेल्या तोंडाचा स्कॅनच झालेला नव्हता. ओठ कोणी टिपलेच नव्हते. मशीनला ओठ ठाऊकच नाहीत, तिथे आतले दात तेवढे असतात आणि भोवती काळोख. आणि तरी तिथे ओठ होते. सुकलेले, खालचा किंचित डावीकडे ओढलेला. घट्ट मिटलेले.

तिने रीसेट दाबलं. ओठ तसेच. मशीन बंद करून चालू केलं. तसेच.

तिने दांडी ओठांच्या फटीत घातली आणि रेटली. दांडी मागे आली. पुन्हा रेटली. पुन्हा मागे. झटका नाही, राग नाही. दारातल्या माणसाला तळहाताने हळूच बाहेर सरकवावं, तशी.

"बाबा, आ करा ना. आत्ता करते मी. आत्ता लगेच."

ती बराच वेळ म्हणत राहिली. दांडी ओठांवर टेकलेली होती. ठोके लागत होते. ठक्... ठक्...

मग दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत गेलं.

मग ती पुढच्या ठोक्याची वाट बघत बसली.

फरशी पुसणाऱ्या बाईने दार वाजवलं, तेव्हाही ती वाटच बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने केस पुसायला घेतली. मशीनने परवानगी नाकारली. हेडसरांनी रात्रीच ती कंपनीकडे पाठवून दिली होती. कमिटीला इतकी आवडली, मग उशीर कशाला? आता ती कंपनीची, आणि कंपनी ती सगळीकडे देणार. खाली मॅडमचं नाव असणार. हेडसरांना वाटलं, ती आनंदाने रडतेय. त्यांनी पाठीवर थाप मारली.

जागा कायम झाली. पाटी बदलली, खुर्ची बदलली.

लॅबमध्ये आता काही होत नाही. मुलं आजोबांवर शिकतात, पास होतात, हसतात. ठोके नाहीत. लांब्या तर सगळं विसरूनही गेला. फक्त एवढंच, की बारकीने दांडी हातात घेतली की पडद्यावरचं तोंड मिटतं. मुलाच्या हातात दिली की उघडतं. ती आता दांडी घेतच नाही. कोटाच्या खिशात हात घालून मागे उभी राहते आणि तोंडी सांगते. मुलांना वाटतं, मॅडम फार चांगल्या, आपल्याला स्वतःच करू देतात.

मध्यंतरी दूरच्या कुठल्याशा कॉलेजातल्या शिक्षिकेचा फोन आला. ओळख ना पाळख. नवी केस आलीय म्हणाली, शिंप्याचं तोंड आहे ते, फार छान बनवलंत. मग जरा घुटमळली. म्हणाली, एक विचारू का, हसू नका हं...

दुपारी जेवणानंतर तुमच्याकडेही हाताला काही लागतं का?

बारकीने फोन ठेवला आणि तडक दुकानात गेली. भाऊ कापड कापत होता. त्याने बसही म्हटलं नाही. ती उभ्या उभ्या बोलत गेली. नाडी, जीभ, कमिटी, मिटलेले ओठ, आणि हा फोन. सगळं. त्याने कात्री थांबवली नाही. ती म्हणते, मला वाटलं होतं हा मला वेडी म्हणेल, नाहीतर हाकलून देईल. दोन्ही चाललं असतं.

तिचं बोलून झालं. कापडाचा तुकडा टेबलावरून घसरून खाली पडला. तेव्हा तो पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलला.

"अजून दुखतं का गं त्यांना?"

बारकी म्हणाली, "मला नाही कळत, दादा. माझ्यापुढे ते तोंड उघडत नाहीत."

त्याने मान हलवली, जणू हे त्याला आधीच माहीत होतं. वाकून कापड उचललं आणि मशीनवर जाऊन बसला. ती निघाली तरी त्याने वर पाहिलं नाही.

हे तिने मला माझ्या घरी येऊन सांगितलं, मागच्या आठवड्यात. एरवी मला थापेवर थाप सुचते. त्या दिवशी एक सुचली नाही. जाताना ती दारात थांबली, माझ्याकडे निरखून बघत राहिली. डॉक्टर आहे, नजर तयार आहे तिची. म्हणाली, मामा, डावा गाल जरा सुजलाय का? दाढ दुखतेय का? बघू, तोंड उघडा.

दुखतेय खरी. दोन दिवस झाले, जेवलं की ठणकते.

मी मान हलवून नाही म्हटलं.

तोंड न उघडता.